झाडापानाची खाज: कॅलामाइन, स्टेरॉइडची ट्यूब, गोळी की घरचं खोबरेल, घ्यायचं काय?

पाऊस लागला की आमच्या काउंटरवर रोज तीच मागणी, भाऊ खाजेची ट्यूब द्या. कशाची खाज, कुठं उठली, कधीपासून आहे असं विचारलं की गिऱ्हाईक वैतागतं, कारण पुढच्या दुकानात कोणी काही विचारत नाही, सरळ ट्यूब काढून देतात. मी फार्मसीवाला आहे, डॉक्टर नाही, पण इतकं नक्की सांगतो की झाडाची खाज असेल तर कोणतं झाड हे कळल्याशिवाय कॅलामाइन बरं की क्रीम बरं या वादाला काही अर्थ नाही, एका झाडावर जे चालतं ते दुसऱ्यावर अजिबात चालत नाही.

नेटवर शोधलं तर सगळं पॉयझन आयव्हीबद्दल येतं. ती अमेरिकेतली वेल, आपल्या विदर्भाच्या जंगलात नाही. पण तिचा भाऊबंद आपल्याकडे आहे, बिबा. आंबा, काजू, बिबा, पॉयझन आयव्ही सगळे एकाच कुळातले आणि बिब्याच्या टरफलातलं काळं तेल जवळपास त्याच जातीचं, म्हणून आयव्हीवरचे सल्ले बिब्याला बऱ्यापैकी लागू पडतात. गाजरगवताला आणि खाजकुयलीला मात्र ते लावू नका.

आता नागपूर आणि आजूबाजूला मुख्य आरोपी तीन.

खाजकुयली, कुणी खाजकुहिरी म्हणतात, रामटेक-पेंच बाजूला झुडपांवर चढलेली वेल, थंडीत शेंगा वाळल्या की त्यावरची सोनेरी-तपकिरी लव हवेनंसुद्धा उडते. लागल्या लागल्या खाज, म्हणजे अक्षरशः मिनिटभरात. ही ॲलर्जी नाही, त्या बारीक केसांत एक प्रथिन पचवणारं एन्झाइम असतं ते कातडीत टोचलं जातं आणि खाजेच्या नसा सरळ चाळवतात. पहिल्यांदा लागलं तरी होतं, कुणालाही होतं.

बिबा उतला, म्हणजे अंगावर उठला, तर गोष्ट उलटी. आज जंगलात गेलात, आज काहीच नाही, एक-दोन दिवसांनी लाल चट्टे, सूज, पाण्याचे फोड, आणि नीट जायला दोन-तीन आठवडे. चीक थेट लागला तर कातडी काळी पडून भाजल्यासारखी होते ते वेगळंच. आंब्याच्या चिकानं उन्हाळ्यात ओठाच्या कडेला जे उठतं ना, कैऱ्या झाडावरून तोडून तशाच दातानं सोलणाऱ्या पोरांना, ते याचंच सौम्य रूप.

आणि तिसरं गाजरगवत, काँग्रेस गवत म्हणा. १९५५ च्या सुमारास पुण्याकडे याची नोंद झाली, आता बेसा-मनीषनगर-हुडकेश्वर कुठल्याही ले-आउटमधला रिकामा प्लॉट बघा, कंबरेइतकं उभं असतं. याला हात लावायची पण गरज नाही, वाळलेल्या झाडाचा भुगा, लव, हवेतून येते. म्हणून हे चेहरा, पापण्या, मान, कोपराची आतली बाजू इथं उठतं आणि लोक त्याला उन्हाची ॲलर्जी समजून सनस्क्रीन घेऊन जातात. एक सोपी खूण बघा, पापण्यांवर, हनुवटीच्या खाली आणि कानामागं पण असेल, म्हणजे जिथं ऊन पोचत नाही तिथं, तर संशय गवतावर घ्या.

इतकं ठरलं की मग पुढची तुलना कामाची.

धुणं विरुद्ध तेल. मला विचाराल तर पैसे खर्च करायच्या आधी जिंकणारी किंवा हरणारी स्टेप हीच. बिब्याचं तेल कातडीला चिकटलं की काही मिनिटांत आत जाऊन बसतं, दहा मिनिटांच्या आत धुतलं तर बराच फायदा, अर्ध्या तासानं धुतलं तर फारच थोडा. त्यामुळं जंगलातून घरी येऊन आंघोळ करीन हा प्लॅन चुकीचा, सोबतच्या बाटलीतलं पाणी आणि साबणाची वडी, तिथंच. भांड्याचा साबण असेल तर अजून बरं, तेलकट चीक आहे तो. भरपूर पाणी, हलका हात, नखाखाली पण. गावाकडे बिब्यावर खोबरेल लावायचा रिवाज आहे, बिबा फोडून गोडंबी, म्हणजे आतला गर, काढणाऱ्या बायका तर आधीच हाताला तेल चोपडून बसतात, आणि कामाच्या आधी लावणं मला पटतं, चीक थेट कातडीला कमी लागतो. पण चीक लागल्यावर तेल चोळलं तर तो विरघळून अजून पसरतो, चोळायचंच असेल तर कापडानं पुसून टाका आणि लगेच साबणानं धुवा, तेल तसंच ठेवून झोपू नका. फोड आल्यावर, आठवड्यानंतर कातडी कोरडी पडून तडकायला लागली की मात्र खोबरेल मस्त काम करतं, तेव्हा लावा बिनधास्त.

खाजकुयलीत धुण्याच्या पण आधी एक काम, केस काढणं. चोळायचं नाही, खाजवायचं नाही, टॉवेलनं पुसायचं नाही, या तिन्हीनं केस अजून आत जातात. चिकटपट्टी, पॅकिंगवाली चालते, लावायची आणि ओढायची, नवीन तुकडा, परत. मग धार सोडून पाणी. कपडे तिथंच काढून वेगळ्या पिशवीत. काही लोक शेण लावतात, वाळलं की केसासकट निघतं हा त्यामागचा हिशोब, हिशोब चुकीचा नाही बाप्पा, पण खाजवून ओरखडे पडलेल्या कातडीवर शेण म्हणजे धनुर्वाताला आणि पू व्हायला बोलावणं. टेप दहा-वीस रुपयाला मिळते हो.

कॅलामाइन आणि थंड पाणी. कॅलामाइन म्हणजे झिंक ऑक्साइड आणि त्यात किंचित आयर्न ऑक्साइड, म्हणून तो गुलाबी रंग. सूज कमी करत नाही, ॲलर्जी थांबवत नाही, फक्त वाळताना थंडावा देतो आणि ओलसर फोड सुकवतो. पण स्वस्त आहे, प्रिस्क्रिप्शन लागत नाही, लहान मुलांना लावता येतं, दिवसातून तीन-चारदा लावा. डोळ्याजवळ नको, तोंडात नको. एक गंमत, अर्धे लोक कॅलामाइन मागायला येऊन चेहऱ्याला लावायचं लॅक्टो कॅलामाइन उचलतात, ती तेलकट चेहऱ्यासाठीची वस्तू, आपल्याला साधं कॅलामाइन लोशन पाहिजे, बाटली हलवून लावायचं.

थंड पाण्याची घडी मी कॅलामाइनच्या पण वर ठेवतो, खोटं नाही सांगत. सुती कापड, माठातलं पाणी, पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा, आणि फुकट. नागपूरच्या ऑक्टोबर हीटमध्ये घाम आला की खाज दुप्पट होते, तेव्हा तर घडीशिवाय पर्यायच नाही. गरम पाण्यानं शेकल्यावर दोन मिनिटं फार सुख वाटतं, मान्य, पण नंतर रक्त जास्त धावून चट्टा अजून लाल होतो.

कडुलिंबाचं पाणी, कोरफड, हळद, यांचं काय? कडुलिंबाच्या पाण्यानं थंडावा मिळतो तो पाण्याचा. कोरफडीचा गर बहुतेकांना चालतो, पण काहींना कोरफडीचीच ॲलर्जी असते, आधीच भडकलेल्या कातडीवर नवीन प्रयोग काहून करायचा. हळद लावली की चट्टा पिवळा होतो आणि डॉक्टरला लाली दिसत नाही, माझा आक्षेप तेवढाच. जंतुनाशक लिक्विड पाणी न घालता लावणारे लोक मात्र भेटतात, त्यानं कातडी भाजते, ते बंद करा.

आता गोळी. सेट्रिझिन १० मिलिग्रॅम किंवा लिव्होसेट्रिझिन ५, स्ट्रिप स्वस्तात मिळते, म्हणून सगळ्यात आधी हात तिकडं जातो. अंगावर पित्त उठलं, गांधी आल्या, तर ही गोळी छान चालते कारण ते सगळं हिस्टामिन या अंगातल्याच रसायनामुळे होतं आणि गोळी तेच अडवते. बिबा आणि गाजरगवताची ॲलर्जी मात्र पांढऱ्या पेशींची, सावकाश येणारी, तिच्यात हिस्टामिनचा वाटा थोडा, आणि खाजकुयलीची खाज तर हिस्टामिनच्या रस्त्यानं येतच नाही. म्हणून गोळी घेऊन पण खाज थांबत नाही म्हणून लोक दोन-दोन घेतात, तसं करू नका. रात्री झोप लागत नसेल तर गुंगी येणारी जुनी गोळी, ॲव्हिलसारखी, डॉक्टर देतात, ती खाजेपेक्षा झोपेसाठी असं समजा, आणि ती घेऊन गाडी चालवायची नाही. दोन वर्षांखालच्या लेकराला स्वतःच्या मनानं असलं काही देऊ नका.

मग राहिली ट्यूब, आणि खरी अडचण इथंच आहे.

स्टेरॉइड क्रीम हे वाईट औषध नाही. बिब्याच्या चट्ट्यावर, गाजरगवतावर, खरं काम करणारं तेवढं एकच आहे, वरचं बाकी सगळं तर खाज सहन करायला मदत. फक्त ताकद जागेप्रमाणं लागते. चेहऱ्याला, जांघेला, बगलेला सौम्य, हायड्रोकॉर्टिसोन १ टक्क्यासारखं, हाता-पायाला मोमेटासोनसारखं मधलं, आणि तळहात-तळपायाच्या जाड कातडीला किंवा फार भडकलेल्या जागेला क्लोबेटासोल, ते पण जास्तीत जास्त दोन आठवडे. बोटाच्या शेवटच्या पेरावर ट्यूब पिळून जी रेघ येते ती साधारण अर्धा ग्रॅम, आणि मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला तेवढी पुरते. लोक भिंतीला पुट्टी लावल्यासारखं थापतात आणि मग म्हणतात ट्यूब चार दिवसात संपली. अजून एक, फोड पाण्यानं टम्म भरल्यावर क्रीमचा उपयोग कमी होतो, पहिल्या एक-दोन दिवसात सुरू केली तर जास्त चालते.

नको ती ट्यूब म्हणजे तीन-चार औषधं एकत्र असलेली, स्टेरॉइड अधिक बुरशीचं अधिक जंतूचं औषध. काउंटरवर सगळ्यात जास्त तीच मागतात कारण दोन दिवसात आराम पडतो. आराम आतल्या कडक स्टेरॉइडचा असतो, बाकीची औषधं झाडाच्या खाजेत बिनकामाची, आणि त्यातलं निओमायसिन तर स्वतःच ॲलर्जी देणारं म्हणून प्रसिद्ध. वर खाज झाडाची नसून नायटा असेल तर स्टेरॉइडनं तो दबतो आणि आतून पसरतो, मग स्किनवाल्या डॉक्टरला पण पटकन ओळखू येत नाही. चेहऱ्यावर महिनोन् महिने लावलेल्यांची कातडी पातळ, लाल, केस उगवलेली मी बघतो. २०१८ मध्ये सरकारनं अशी बरीच स्टेरॉइड क्रीम शेड्यूल एच मध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. काउंटरवर काय चालतं ते तुम्हाला माहीत आहे, मी काय सांगू. तुम्ही मागू नका एवढं करा. खाज घालवणारी सुन्न करणारी क्रीम पण तसंच, तिचीच वेगळी ॲलर्जी होऊ शकते.

तर निवडायचं असं. खाजकुयली, टेप, पाणी, थंड घडी, वर कॅलामाइन, बहुतेकदा काही तासांत बसतं, गोळी-ट्यूबचे पैसे वाचवा. डोळ्यात केस गेला तर पाण्यानं धुवत राहा आणि त्याच दिवशी डोळ्याचा डॉक्टर, चोळायचं नाही, शेर-थोराचा चीक डोळ्यात उडाला तरी हेच. बिबा, थोडासाच चट्टा असेल तर धुणं, घडी, कॅलामाइन, आणि डॉक्टरला विचारून नीट ताकदीचं क्रीम. फोडातलं पाणी लागून तो पसरत नाही, घरच्यांना होत नाही, नवीन चट्टे उठतात ते कपड्यावर, कोयत्याच्या मुठीवर, पिशवीवर राहिलेल्या चिकामुळं, ते सगळं साबणानं धुवा. अंगाचा बराच भाग, चेहरा किंवा लघवीची जागा सुजली तर पोटात घ्यायचं स्टेरॉइड लागतं आणि ते दोन-तीन आठवडे हळूहळू कमी करत न्यावं लागतं, पाच दिवसात बंद केलं की परत उठतं, आणि शुगर असेल तर ती चढते, म्हणून ते स्वतःच्या मनानं तर नकोच.

गाजरगवताला ट्यूब लावणं म्हणजे अर्धाच इलाज, कारण प्लॉट खिडकीसमोरच आहे. दर पावसाळ्यात उठतं त्यांनी पॅच टेस्ट, म्हणजे कातडीवर पट्ट्या चिकटवून ॲलर्जी कशाची ते बघायची तपासणी, करून घ्या, नागपूरची सरकारी रुग्णालयं मेडिकल, मेयो, मिहानचं एम्स, तिन्हीकडे त्वचेची ओपीडी आहे. टेस्टनं नक्की झालं की शेवंती, सूर्यफूल अशा त्याच कुळातल्या फुलांशी पण जपावं लागतं, नवरात्रात हार करणाऱ्यांना हे ऐकून वाईट वाटतं पण आहे तसं आहे. जुनाट झालेल्यांना डॉक्टर ॲझाथायोप्रिनसारखं प्रतिकारशक्ती दाबणारं औषध देतात, त्यावर रक्ताच्या तपासण्या चालू ठेवाव्या लागतात. गवत उपटायचं तर फुलं यायच्या आधी, पाऊस पडून जमीन ओली असताना, हातमोजे आणि पूर्ण बाह्या घालून, आणि ज्याला त्रास आहे त्यानं स्वतः उपटू नये. बिबा कधी जाळू नका, धूर छातीत जातो. श्वासाला त्रास, तोंड-घसा सुजला, तर १०८, ट्यूब शोधत बसू नका.

पू आला, ताप आला, किंवा आठवड्यात फरक नाही, तरी ओपीडीच. जाताना झाडाचा फोटो असेल तर दाखवा, झाड तोडून पिशवीत नेऊ नका, आणि आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूबा सोबत न्या, ती पांढरी-हिरवी होती एवढं सांगून डॉक्टरला काहीच कळत नाही.