आउटबोर्ड इंजिनाचा अडकलेला गिअर : नांदेडच्या वर्कशॉपमधील दुरुस्तीविषयी

मराठवाड्यात ट्रॅक्टरचा, मोटारसायकलचा किंवा विहिरीवरच्या पंपाचा मिस्त्री हाकेच्या अंतरावर मिळतो. परंतु ज्या इंजिनाचा गिअरबॉक्स कायम पाण्याखाली असतो, ते आउटबोर्ड इंजिन, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायचे इंजिन, नीट उघडून पुन्हा तसेच बसवणारा माणूस शोधायला मात्र जिल्हे पालथे घालावे लागतात. नांदेडमध्ये लातूर फाट्याच्या बाजूला असलेल्या या वर्कशॉपमध्ये आमच्या बचाव पथकाच्या रबरी बोटीचे इंजिन दुरुस्त झाले. काम चांगले झाले, तरी त्यात काही उणिवाही जाणवल्या, म्हणून हा अभिप्राय थोडा विस्ताराने लिहीत आहे.

इंजिन २५ अश्वशक्तीचे, दोन स्ट्रोकचे, दांड्याने वळवायचे आणि बाजूच्या लिव्हरने गिअर बदलायचे असे आहे. विष्णुपुरीच्या जलाशयात सराव चालू असताना लिव्हर फॉरवर्डमध्ये गेला तो तेथेच बसला. न्यूट्रलमध्ये येईना, मग रिव्हर्सची बातच सोडा. अशा वेळी बोट थांबवण्यासाठी इंजिन तत्काळ बंद करणाऱ्या किल स्विचची दोरी ओढण्यावाचून मार्ग उरत नाही, आणि एकदा इंजिन बंद केले की ते पुन्हा सुरूही होत नाही, कारण गिअर पडलेला असताना स्टार्टरची दोरी ओढली जाऊ नये अशी सोय बनवणाऱ्यानेच केलेली असते. बोट वल्ह्यांनी काठाला आणावी लागली. सरावात हे झाले म्हणून निभावले. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यातील रावणगाव, हसनाळ परिसरात रातोरात पाणी शिरले, तशा प्रसंगी हेच घडले असते तर काय झाले असते, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

या वर्कशॉपकडे येण्यापूर्वी इंजिन दुसऱ्या एका ठिकाणी दाखवले होते. तेथे लिव्हरवर गंज सोडवणारा स्प्रे मारून पाइप अडकवून जोर देण्याचा बेत होता, आणि तो फसल्यास संपूर्ण खालचा गिअरबॉक्स नवा घ्यावा असा सल्लाही तयार होता. येथील वयस्कर मिस्त्री, ज्यांना सगळे चाचा म्हणतात, त्यांनी लिव्हरला हात लावण्याआधीच सांगितले, “जोर लावायचं काम नाही भाऊ हे. आधी कुठं अडकलंय ते बघू.” पुढे त्यांनी जे केले, त्यातच या वर्कशॉपचे खरे मोल आहे, असे माझे मत झाले.

प्रथम त्यांनी किल स्विचची दोरी काढली आणि दोन्ही स्पार्क प्लग बाहेर काढले, म्हणजे हाताने पंखा (बोट ढकलणारा प्रोपेलर) फिरवताना इंजिन चुकून पेटण्याची भीती राहिली नाही. मग एका हाताने पंखा मागेपुढे फिरवत दुसऱ्या हाताने लिव्हर अलगद ओढून पाहिला. या इंजिनांत पुढचा आणि मागचा असे दोन्ही गिअर उभ्या शाफ्टच्या पिनियनला, म्हणजे टोकाच्या लहान गिअरला, कायम लागलेले असतात व एकमेकांच्या उलट दिशेने फिरतात. त्यांच्या मधोमध पंख्याच्या शाफ्टवर सरकणारा डॉग क्लच ज्या गिअरच्या दात्यांत अडकतो, त्या दिशेने पंखा फिरतो. इंजिन बंद असताना हे दाते एकमेकांवर दाबून बसलेले असू शकतात, आणि तेव्हा पंखा थोडा हलवला की दाब सुटून गिअर निघतो. पुष्कळदा ‘गिअर जाम झाला’ ही तक्रार एवढ्यावरच मिटते. आमच्या बाबतीत मात्र पंख्याबरोबर वरचे फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचे जड चाकही फिरत राहिले, म्हणजे डॉग क्लच फॉरवर्डमध्येच गुंतलेला होता.

दुसरी पायरी बिघाड वर आहे की खाली, हे ठरवण्याची होती. लिव्हरपासून खाली उतरणारा उभा रॉड मध्ये एका सांध्याने जोडलेला असतो. तो सांधा सोडताच वरचा लिव्हर तिन्ही जागी टक्-टक् करत सहज फिरू लागला, आणि खालचा रॉड पकडीत धरूनही जागचा हलेना. एवढ्या एका सांध्याने लिव्हर, त्याची खिट्टी व वरची जोडणी निर्दोष ठरली, आणि वरचे कव्हर उघडून नाहक खोलाखोल करण्याचा खर्च वाचला. ज्यांच्या बोटीला स्टिअरिंग व वेगळा कंट्रोल बॉक्स आहे, त्यांनी याच पद्धतीने इंजिनाकडची गिअर केबल सोडून पाहावी. अनेकदा गिअरबॉक्स ठणठणीत असतो आणि आतून गंजलेली केबलच अडकलेली असते.

त्यानंतर इंजिन उभे ठेवून खालचा ड्रेन स्क्रू उघडला. आधी स्वच्छ पाण्याची धार आली, तिच्यामागून दुधाळ, पिवळट तेल आले. गिअर ऑइलमध्ये पाणी मिसळल्याची ही पक्की खूण, आणि पाणी आधी येते कारण इंजिन बराच काळ उभे राहिल्यावर ते तळाशी बसते. पाणी कोठून शिरले हे पंखा काढल्यावर दिसले : स्प्लिट पिन, नट आणि पंखा निघाल्यावर मागच्या वॉशरच्या आड मासेमारीच्या जाळ्याचा तंगूस (नायलॉनचा धागा) इतका घट्ट गुंडाळलेला होता की तो ब्लेडने कापून काढावा लागला. त्याच तंगुसाने पंख्याच्या शाफ्टवरचे ऑइल सील कातरले होते. गोदावरीत जाळी सर्वत्र असतात, त्यामुळे यात नवल काही नाही. नवल एवढेच की आधीच्या ठिकाणी पंखा काढून पाहावा असे कोणालाही सुचले नाही.

गिअरबॉक्स उतरवून शाफ्ट बाहेर काढल्यावर मूळ दोष हाती लागला. उभ्या रॉडच्या टोकाशी असलेला कॅम एका छोट्या प्लंजरला ढकलतो, हा प्लंजर पंख्याच्या पोकळ शाफ्टमध्ये सरकतो आणि आडव्या पिनेने डॉग क्लचला हलवतो. हा प्लंजर गंजून शाफ्टमध्ये चिकटला होता. बचावाची बोट पावसाळा सोडला तर महिनोन्‌महिने छताखाली पडून असते, आणि आत पाणी शिरलेले इंजिन चालू राहण्यापेक्षा पडून राहिले तर अधिक गंजते. चाचांनी हातोडा वापरला नाही. स्प्रे मारून शाफ्ट बाजूला ठेवला, दुसऱ्या गिऱ्हाइकाचे काम उरकले, मग किंचित शेक देऊन प्लंजर दोन्ही बाजूंनी थोडाथोडा सरकवत मोकळा केला. शाफ्टची ती जागा बारीक कागदाने घासून बोटाने चाचपून मला दाखवली, तेव्हा आत एकही खड्डा लागला नाही.

डॉग क्लचच्या फॉरवर्डकडील दात्यांच्या कडा किंचित गोल झाल्या होत्या. “अजून चालंल,” असे त्यांचे म्हणणे होते, आणि मासेमारीच्या नावेसाठी ते कदाचित योग्यही असेल. माझे मत निराळे आहे. कडा गोल झालेला क्लच भार आल्यावर गिअरमधून निसटतो, आणि भर प्रवाहात माणसे घेऊन येणाऱ्या बोटीचा गिअर निसटणे परवडत नाही. मी नवा क्लच बसवण्याचा आग्रह धरला आणि त्यांनी वाद न घालता तो मागवला. मात्र ही गोष्ट त्यांनी स्वतःहून, दोन्ही पर्यायांच्या खर्चासह मांडायला हवी होती.

जुळवणी वाखाणण्याजोगी होती. दोन्ही सील आणि ओ-रिंग नव्या घातल्या, ड्रेन स्क्रूचे वॉशर बदलले, आणि गिअरबॉक्स उतरलेलाच आहे तर इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाचा इम्पेलर, म्हणजे पात्यांचे चाकही बदलून घ्यावे, असे सुचवले. जुन्याची पाती एका बाजूला कायमची वाकलेली होती, त्यामुळे हा खर्च वाढवून लावला असे म्हणता येत नाही. तेल एसएई ९० हायपॉइड, म्हणजे आपल्याकडे ज्याला सरसकट ९० नंबर म्हणतात त्यातलेच, पण हायपॉइड लिहिलेले डबे पाहून घेतले. ते भरण्याची रीतही योग्य होती : खालच्या छिद्रातून दाबाने भरत गेले आणि वरच्या छिद्रातून बुडबुड्यांशिवाय तेल येऊ लागल्यावर आधी वरचा स्क्रू लावला, मग खालचा. वरून ओतल्यास आत हवा कोंडून तेल कमी पडते. शेवटी लिव्हर न्यूट्रलवर ठेवून पंखा दोन्ही दिशांना मोकळा फिरतो की नाही, हे पाहूनच रॉडचा सांधा घट्ट केला आणि पाण्याने भरलेल्या ड्रममध्ये इंजिन चालवून तिन्ही गिअर माझ्याच हाताने टाकायला लावले.

आता तक्रारी. सुटे भाग येथे मिळत नाहीत. ते हैदराबाद किंवा मुंबईहून मागवावे लागतात आणि ते केव्हा येतील, याविषयी दिलेला शब्द पाळला गेला नाही. फोन क्वचितच उचलला जातो. बिल आधी एकरकमी आकड्यात सांगितले गेले. मागितल्यावर मजुरी आणि भाग वेगळे लिहून मिळाले, आणि त्यात खर्चाचा मोठा वाटा भागांचाच होता. सरकारी किंवा संस्थेच्या हिशेबाला असे बिल लागते, त्यामुळे काम सुरू होण्यापूर्वीच तसे सांगून ठेवावे.

पाचपैकी चार तारे देत आहे. एक तारा सुट्या भागांच्या उशिरासाठी कापला आहे. बोटीचे इंजिन येथे आणायचे असेल, तर पावसाळ्याच्या तोंडावर न आणता उन्हाळ्यातच आणावे, इंजिनावरील पट्टीवर कोरलेला मॉडेल क्रमांक लिहून सोबत ठेवावा, कारण त्याशिवाय सील व इम्पेलर मागवता येत नाहीत, आणि आतले तेल घरी काढून न टाकता तसेच राहू द्यावे, म्हणजे ते पाहून चाचांना निदान करता येईल.