अपघातानंतरच्या अपंगत्वावरच्या एका रिसर्चमध्ये भाग घेतला, जायचं की नाही ठरवणाऱ्यांसाठी माझा अनुभव

अपघातात हात-पाय गेलेल्यांच्या व्हॉट्सअप ग्रुपवर मधून मधून एक मेसेज येतो, अमुक संस्थेचा अभ्यास चालू आहे, अपघातानंतर तुम्हाला काय मदत मिळाली त्याबद्दल बोलायला याल का. बरेच जण तो बघून सोडून देतात, मीही सोडायचे. यावेळी गेले, आणि नंतर ग्रुपवरच्या इतक्या जणांनी विचारलं की नीट लिहूनच काढतेय. संस्थेचं नाव टाकत नाही, कारण काही गोष्टी खटकल्या त्याही लिहायच्यात, आणि तिथली माणसं मात्र मनापासून काम करणारी होती.

माझं थोडक्यात सांगते. लोकलचा अपघात, डावा पाय गुडघ्याखाली नाही, कृत्रिम पाय वापरते, नोकरी चालू आहे. चालणं जमतं. पण गाडी प्लॅटफॉर्मला लागताना अजूनही छातीत धडधड होते आणि मी खांबाला पाठ टेकवून उभी राहते, गाडी पूर्ण थांबेपर्यंत हलत नाही. अपंगत्वाच्या सर्टिफिकेटसाठी डॉक्टरांनी पाय मोजला, या दुसऱ्या गोष्टीबद्दल कुठल्याच टेबलावर कोणी विचारलं नव्हतं. या अभ्यासात विचारलं. माझ्यासाठी जाण्याचं सगळ्यात मोठं कारण तेच ठरलं.

आधी कागदाबद्दल, कारण चांगला अभ्यास कुठला ते तिथेच कळतं. माहितीपत्रक मराठीत होतं, अक्षर मोठं, आणि घरी नेऊन वाचा, घरच्यांशी बोला, मग सही करा असं त्यांनी स्वतःहून सांगितलं. आपल्याकडे आयसीएमआरची, म्हणजे वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी परिषदेची, 2017 ची नियमावली आहे, त्यात लिहिलंय की भाग घेणं पूर्ण आपल्या मर्जीवर, मध्येच बाहेर पडलं तरी आपल्या उपचारांवर किंवा सवलतींवर त्याचा काही परिणाम होता कामा नये. हे त्या कागदावर सरळ भाषेत होतं, आणि तक्रार असली तर एथिक्स कमिटीला (अभ्यास नियमाने चाललाय का ते बघणारी समिती) कुठे फोन करायचा तेही. सही केलेल्या फॉर्मची एक प्रत मला दिली. तुम्हाला कोणी प्रत दिली नाही तर मागाच, आणि रेकॉर्डिंग कोण ऐकणार, किती दिवस ठेवणार, नाव बदलणार का हे विचारल्याशिवाय सही करू नका. ज्यांची रेल्वे क्लेम्स ट्रिब्युनलमध्ये, म्हणजे रेल्वेच्या भरपाईच्या न्यायाधिकरणात, केस चालू आहे त्यांनी तर आधी वकिलांना विचारून घ्या.

मुलाखत घेणारी मुलगी माझ्यापेक्षा लहान असेल. तिने सुरुवातीलाच सांगितलं, "ताई, अपघात कसा झाला ते सांगायची गरज नाहीये, ते तुम्ही पोलिसांना, हॉस्पिटलला सांगून झालं असेल. तुम्ही घरी आलात ना, तिथून सांगा, कोण आलं, कोणी काय केलं." खरं सांगते, मी तयारी करून गेले होते अपघात सांगायची, कारण आत्तापर्यंत प्रत्येक ठिकाणी तेच विचारलं गेलंय, आणि तिने ते ओझंच उतरवलं. मग जे कधी कोणाला सांगितलं नव्हतं ते निघत गेलं. सहा-आठ महिन्यांत स्टंप (पायाचा उरलेला भाग) बारीक होतो आणि पहिलं सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाची वरची खोबण, सैल पडतं हे मला डिस्चार्जच्या वेळी कोणी सांगितलं नाही, मी समजत होते आपलंच काहीतरी बिघडलंय. मोज्यांचे थर वाढवून तात्पुरतं भागवता येतं हे हँडिकॅप डब्यातल्या एका काकांनी शिकवलं, दारापाशी बसून स्वतःचा पाय काढून दाखवला त्यांनी. रेल्वेकडे भरपाईचा दावा साधारण 1 वर्षाच्या आत करायचा असतो हेही वॉर्डमधल्या शेजारच्या पेशंटच्या भावाकडून कळलं. तिने प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारला, हे तुम्हाला कोणी सांगितलं? आणि माझं उत्तर दरवेळी कोणीतरी अनोळखी माणूस. हॉस्पिटल नाही, ऑफिस नाही. तिने ते शांतपणे लिहून घेतलं आणि म्हणाली बहुतेक सगळे हेच सांगतायत. त्या एका वाक्याने मला किती बरं वाटलं असेल सांगता येणार नाही, इतकी वर्षं वाटायचं की आपण चौकशी करायला कमी पडलो.

मध्ये दोनदा रेकॉर्डर बंद करून थांबलो. घाई अजिबात नाही.

आता फॉर्म. दोन प्रश्नावल्या होत्या. एक डब्ल्यूएचओची, डब्ल्यूएचओडीएएस म्हणतात, मागच्या 30 दिवसांत उभं राहायला, एक किलोमीटर चालायला, अंघोळ करायला, लोकांत मिसळायला किती त्रास झाला असं विचारतात. दुसरी पीसीएल-5, मोठ्या धक्क्यानंतरच्या मानसिक त्रासाची, त्यात 20 प्रश्न, आठवणी येतात का, दचकता का, झोप कशी, प्रत्येकाला 0 ते 4. प्रश्न वाईट नाहीत, पण माझं म्हणणं मी तिथेही मांडलं आणि इथेही मांडते. मुलाखत मे महिन्यात होती. कोरड्या रस्त्यावर एक किलोमीटर मी आरामात चालते, जुलैत लायनर (स्टंपवर चढवायचं मऊ आवरण) घामाने आणि पावसाने ओला होऊन स्टंप सोलवटतो तेव्हा त्याच किलोमीटरला रडू येतं. 30 दिवसांचा हिशोब मुंबईच्या पायाला लागू पडत नाही, निदान पावसाळ्यात परत एकदा विचारा. आणि एक किलोमीटर रस्ता वेगळा, तेवढंच प्लॅटफॉर्मवर गर्दीत चालणं वेगळं. एका फॉर्ममध्ये पाय येतो, दुसऱ्यात भीती येते, दोन्ही एकाच माणसाला एकाच वेळी होतं हे कुठेच येत नाही. तिने ते समासात लिहून घेतलं, आता पुढे त्याचं काय होतं बघायचं.

सर्टिफिकेटचंही तसंच आहे. 2016 च्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यात 21 प्रकारची अपंगत्वं आहेत, मानसिक आजार आहे, अ‍ॅसिड हल्ल्यातले लोकही वेगळे धरलेत, 1995 च्या कायद्यापेक्षा खूप पुढे आलोय. पण बहुतेक सवलतींना 40 टक्के अपंगत्व लागतं, आणि मनाच्या त्रासासाठी वेगळी तपासणी, वेगळा डॉक्टर, वेगळी रांग. पायाचे टक्के मिळालेला माणूस परत त्या रांगेत कशाला जाईल? मग कागदावर तो फक्त पाय नसलेला माणूस राहतो. या अभ्यासातून एवढं जरी वर पोचलं की अपघाताच्या पेशंटला पायासोबत मनाचंही तिथेच विचारा, तरी मी तिथे घालवलेला वेळ सार्थकी लागला म्हणेन.

खटकलेल्या गोष्टी. नंतर एक ग्रुप चर्चा ठेवली होती, तिथे कोण काय बोललं ते बाहेर सांगायचं नाही असं ठरलंय म्हणून ते लिहीत नाही, फक्त जागेबद्दल लिहिते. हॉल स्टेशनच्या अगदी जवळ. रॅम्प होता, लिफ्ट होती, टॉयलेटला दांडा होता, सगळं बघून घेतलेलं. पण खिडकीतून गाडीचा हॉर्न आणि अनाउन्समेंट स्पष्ट ऐकू येत होती आणि खोलीत आम्ही रेल्वे अपघातवालेही होतो. पहिल्या हॉर्नला माझा हात खुर्चीला घट्ट धरला गेला. त्यांनी लगेच खिडक्या लावल्या, माफी मागितली, पण हे आधी सुचायला हवं होतं, जागा ठरवताना आमच्यापैकी एकाला जरी सोबत नेलं असतं तर कळलं असतं.

दुसरं म्हणजे पैसे. जाण्यायेण्याचा खर्च दिला, पण बिल मागितलं. मीटरच्या रिक्षावाल्याकडे कुठलं बिल? शेवटी साध्या कागदावर सही घेऊन दिले, पण त्यासाठी दोन फोन करावे लागले. आणि बुडालेल्या रोजाचं काही नाही. माझी रजा मांडून झाली, पण रोजंदारीवरचा माणूस कसा येणार? नियमावलीत बुडालेली मजुरी भरून देता येते, तशी सोय ठेवायला हवी होती, नाहीतर नोकरीवालेच येतात आणि निष्कर्षही आमच्यासारख्यांचेच निघतात.

जाणाऱ्यांना एकच सांगते, त्या संध्याकाळी दुसरं काही ठेवू नका. मला रात्री झोप लागली नाही, जुनं सगळं वर आलं. दुसऱ्या दिवशी त्या मुलीचा फोन आला, कसं वाटतंय, कोणाशी बोलायचंय का, समुपदेशकाशी गाठ घालून देऊ का. पत्रकावर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबरही होता, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. असा फोन करणार का, हे तुम्ही आधीच विचारा, नाही म्हणाले तर जाऊ नका.

पाचपैकी चार स्टार. अहवालाचा मराठी सारांश भाग घेतलेल्या प्रत्येकाला पाठवू असं म्हणालेत, अजून आलेला नाही, मी विचारत राहणार आहे. आला की याच ठिकाणी टाकते.