शिस्तीचे सर की विचारणारे सर?

उन्हाळी शिबिरांची नावनोंदणी सुरू झाली की नागपुरातल्या पालकांची चौकशी बहुधा एकाच प्रश्नावर येऊन थांबते: सर कडक आहेत की मनमिळाऊ? माझ्या मते हा प्रश्नच अपुरा आहे.

भारतात जन्मलेले क्रीडा-अभ्यासक पी. चेल्लादुराई यांनी सालेह यांच्यासह १९८० मध्ये मांडलेल्या प्रश्नावलीत प्रशिक्षकाच्या वर्तनाची पाच अंगे आहेत: प्रशिक्षण व सूचना, लोकशाही वर्तन, हुकूमशाही वर्तन, सामाजिक आधार आणि शाबासकी. तिच्यातील ४० विधानांपैकी १३ एकट्या शिकवण्याविषयी आहेत आणि हुकूमशाहीविषयी अवघी ५. आपण पालक मात्र नेमके त्या पाचांतच अडकतो.

भाचीसाठी कबड्डीचे शिबिर शोधताना मी मे महिन्यात पहाटे साडेपाचला एका मैदानावर जाऊन बसलो होतो. कडक सरांनी एका मुलीची फसलेली घोटा-पकड थांबवली, स्वतः खाली बसून तिचा हात योग्य जागी ठेवला, तीच पकड दहा वेळा करवून घेतली आणि शेवटी एवढेच म्हणाले, "हं, आता जमलं." पलीकडच्या गटात सरांनी "आज काय खेळायचं?" असे विचारले; वीस मिनिटे चर्चेत गेली आणि ठरले तेच, जे तीन मोठ्या आवाजाच्या मुलींना हवे होते. बाकीच्या मुली मातीत रेघा ओढत उभ्या होत्या.

याचा अर्थ कडकपणाच बरा, असा नव्हे. विदर्भाच्या क्रिकेट संघाने प्रशिक्षक चंद्रकांत पंडित यांच्या शिस्तीत २०१७-१८ आणि २०१८-१९ असे सलग दोन रणजी करंडक जिंकले, हा दाखला आपल्याकडे हटकून दिला जातो. पण तो प्रौढ, व्यावसायिक खेळाडूंचा संघ होता, शिवाय विजय आणि समाधान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चेल्लादुराई यांच्या मांडणीनुसार परिस्थितीची गरज, खेळाडूची पसंती आणि प्रशिक्षकाचे प्रत्यक्ष वागणे यांचा मेळ जितका चांगला, तितके समाधान अधिक.

म्हणून नवशिक्या मुलासाठी मी नेमके शिकवणारे, चूक सुधारल्यावर ते बोलून दाखवणारे सर निवडीन, मग ते कडक असले तरी चालेल. चार-पाच वर्षे खेळलेल्या, चढाईचे डाव स्वतः आखू लागलेल्या मुलीला मात्र विचारात घेणारेच सर हवेत. घरापासून दूर वसतिगृहात राहणाऱ्यांच्या बाबतीत आधार देण्याची वृत्ती सर्वांत आधी पाहावी. भाचीला आम्ही कडक सरांकडे घातले आहे, दोन वर्षांनी ती "असंच का?" म्हणून विचारू लागली की ही निवड पुन्हा तपासावी लागेल.