शाळेसाठी घेतलेली परिपाठाची पुस्तिका : वर्षभराच्या वापरानंतर

मागच्या जूनमध्ये आमच्या द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेसाठी मी औरंगपुऱ्यातल्या एका दुकानातून वर्षभराच्या परिपाठाची तयार पुस्तिका घेतली. किंमत २४० रुपये, पाने दोनशेच्या आसपास आणि सोबत गीतांचा पेन ड्राइव्ह. पैसे शाळा अनुदानातून गेले आणि पावती शाळेच्या नावाने फाडली, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचा मुद्दा त्यावरच उभा आहे. प्रकाशनाचे नाव लिहीत नाही. दुकानात याच साच्याच्या आणखी तीन पुस्तिका चाळल्या होत्या आणि थोड्याफार फरकाने त्यांतही हेच होते.

चार वर्ग दोघांनी सांभाळताना रोज सकाळी सुविचार, दिनविशेष आणि बोधकथा शोधत बसायला उसंत मिळत नाही, आणि ती सोय या पुस्तिकेने खरोखरच केली आहे. टाइप मोठा आहे, कागद उन्हात चमकत नाही, त्यामुळे चौथीची मुले माईकसमोर उभी राहून सहज वाचतात. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा आणि संविधानाची उद्देशिका एकापाठोपाठ येतात. सामान्य ज्ञानाचे प्रश्नही बरे आहेत.

तक्रार सुरू होते ती उद्देशिकेच्या समोरच्या पानापासून. डाव्या पानावर ‘विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा व उपासना यांचे स्वातंत्र्य’ हे शब्द छापले आहेत आणि उजव्या पानावर एका देवतेच्या श्लोकांच्या डोक्यावर ठळक अक्षरांत सूचना आहे की सर्वांनी हात जोडावेत, डोळे मिटावेत आणि जो म्हणणार नाही त्याचे नाव वर्गप्रमुखाने लिहून घ्यावे. जुलैतल्या एका सकाळी चौथीतल्या मुलीने उद्देशिका वाचता वाचता थांबून, ‘सर, उपासना म्हंजे काय ओ?’ असे माईकवरच विचारले. मी उत्तर जुळवत होतो, तोवर तिने पान उलटल्याच्या सुरात समोरची सूचनाही खणखणीत वाचून टाकली. मागच्या रांगेतला मुसलमान घरातला एक मुलगा हात मागे बांधून उभा होता. त्याने आधी वर्गप्रमुखाकडे पाहिले, मग माझ्याकडे. त्या दिवशी मी ती ओळ पेनाने खोडली.

ही सूचना नुसती अविचाराची नाही, बेकायदेशीर आहे. संविधानाच्या अनुच्छेद २८ नुसार पूर्णतः राज्याच्या निधीतून चालणाऱ्या संस्थेत, म्हणजे आमच्यासारख्या शाळेत, धार्मिक शिक्षण देता येत नाही. शासनमान्य वा अनुदानित संस्थेतही अशा शिक्षणाला किंवा उपासनेला हजर राहण्याची सक्ती करता येत नाही, आणि विद्यार्थी अल्पवयीन असेल तर पालकाची संमती लागते. राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहणारी, पण श्रद्धेपोटी ते न गाणारी तीन मुले केरळमधील एका शाळेतून काढली गेली होती. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले. राष्ट्रगीताच्या बाबतीत जर असे असेल, तर श्लोक न म्हणणाऱ्याची यादी करण्याचा अधिकार नऊ वर्षांच्या वर्गप्रमुखाला कोठून आला?

यावरून शाळेत धर्माचे नावच काढू नये, असे आमचे काही सहकारी म्हणतात. ते मला पटत नाही. सामाजिक कार्यकर्त्या अरुणा रॉय यांच्या याचिकेवर २००२ मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने धर्मांविषयी शिकवणे आणि धर्म शिकवणे यांत फरक केला होता. सामूहिक प्रार्थना या दोहोंत कोठे बसते, हे ठरवणे मात्र अवघड आहे. केंद्रीय विद्यालयांतल्या प्रार्थनेचा वाद न्यायालयात गेला, तेव्हा जानेवारी २०१९ मध्ये तो मोठ्या पीठापुढे ठेवावा, असे खंडपीठाला वाटले. तेव्हा एका पुस्तिकेकडून मी त्याचे उत्तर मागत नाही. फक्त सक्तीची ओळ छापू नये, एवढेच मागतो.

धर्माविषयी कसे शिकवावे, याचा चांगला नमुना याच पुस्तिकेत ऐंशी पानांनंतर सापडतो, हे नवल आहे. तेथे नर्सीचे नामदेव, गंगाखेडच्या जनाबाई, पैठणचे एकनाथ, तेरचे गोरोबा अशी आपल्याच मराठवाड्यातली माणसे गावांच्या नावानिशी येतात. नामदेवांची पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत, हे वाचल्यावर नांदेडच्या गुरुद्वाऱ्याला सहलीत जाऊन आलेल्या मुलांनी इतके प्रश्न विचारले की पहिला तास त्यातच गेला. पसायदानाचा अर्थही नेटका दिला आहे. एकनाथांची निवड मात्र भित्री आहे : त्यांची गाढवाला पाणी पाजल्याची गोष्ट आहे, पण त्यांचा ‘हिंदू-तुर्क संवाद’ नाही, आणि दोन धर्मांची माणसे एकमेकांशी कडकडून भांडून शेवटी समजुतीवर कशी येतात, हे दाखवायला मराठीत त्याहून जवळचे दुसरे काय आहे?

१७ सप्टेंबरच्या पानानेही निराशा केली. मराठवाडा मुक्तिसंग्रामावर चार ओळी आहेत, त्यांत १९३८ सालचा वंदे मातरम् सत्याग्रह नाही. औरंगाबादच्या वसतिगृहात विद्यार्थ्यांनी वंदे मातरम् म्हटले, निजामाच्या अधिकाऱ्यांनी त्याला बंदी केली, लोण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठापर्यंत गेले, शेकडो मुलांची नावे कमी झाली आणि त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला. शिक्षणसंस्थेत काय म्हणायचे आणि काय नाही हे वरून ठरवले गेले, की काय होते, हे मराठवाड्याने स्वतः भोगलेले आहे. श्लोकांचे पान रचणाऱ्याने हे पान लिहून पाहिले असते, तर कदाचित ती सूचना छापली गेली नसती.

एक चूक निव्वळ आळसाची आहे. पुस्तिका ‘कायमस्वरूपी’ म्हणून विकली जाते, पण सणांच्या तारखा कोणत्या तरी एका वर्षाच्या पंचांगातून उचललेल्या आहेत. रमजान ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते. २०२४ मध्ये ती ११ एप्रिलला होती, २०२५ मध्ये ३१ मार्चला. गुढीपाडवाही एका तारखेला बांधलेला नाही. आम्ही छापील तारखेवर विसंबून ईदच्या शुभेच्छा भलत्याच दिवशी दिल्या आणि पहिलीची मुले आम्हाला हसली.

शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मी श्लोकांचे पान वाचून दाखवले. दोन पालकांना त्यात गैर वाटले नाही, एकाला फार वाटले, बाकीच्यांना परिपाठ वेळेत संपून मुले वर्गात बसण्याशी मतलब होता. शेवटी त्या पानावर पांढरा कागद चिकटवून साने गुरुजींची प्रार्थना लिहिली आणि खाली ‘ज्यांना म्हणायची नाही त्यांनी शांत उभे राहावे’ ही ओळ घातली. डिंक कमी पडला असावा, दिवाळीनंतर कागदाचा एक कोपरा सुटला आहे. बांधणीही त्याच सुमारास उसवली.