बूस्ट कमी? आधी आरपीएम सांगा : आरएक्स-७ वर गेज, हातपंप आणि सिलिकॉन नळ्यांचा अकरा महिन्यांचा अनुभव

माझी गाडी १९९३ ची माझदा आरएक्स-७, तिसऱ्या पिढीची, म्हणजे एफडी. राहतो न्यू जर्सीत, त्यामुळे बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ पडायला लागलं की गाडी थेट मार्चपर्यंत गॅरेजात. गेल्या ऑगस्टमध्ये वरच्या आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) तिचा जोर ओसरायला लागला. एका वर्कशॉपमध्ये नेली, तर त्यांनी एक फेरी मारली आणि सांगितलं की दोन्ही टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारे पंखे) गेले, जोडी बदला. आकडा ऐकून मी गप्प घरी आलो आणि रात्री कोल्हापूरला मामेभावाला फोन लावला. त्याचं आयुष्य ट्रकच्या डिझेल इंजिनांत गेलंय. त्याने दोनच प्रश्न विचारले. धूर येतो का? शिट्टीचा किंवा घासल्याचा आवाज येतो का? दोन्ही नव्हतं. "मग दादा, टर्बोला हात लावू नकोस. आधी सगळ्या होज, म्हणजे नळ्या, बघ."

त्याच आठवड्यात तीन वस्तू मागवल्या: मेकॅनिकल बूस्ट गेज (टर्बोने भरलेल्या हवेचा दाब, म्हणजे बूस्ट, दाखवणारा काटा), व्हॅक्यूम (हवेची ओढ) आणि दाब दोन्ही देणारा हातपंप आणि सिलिकॉन होजचं बंडल. त्यांचा हा अनुभव. एफडी नसली तरी दोन टर्बोंची जुनी गाडी असेल त्याने वाचावा असं मनापासून वाटतं, कारण चांगले टर्बो उगाच उतरवले जाताना मी पाहिलेत.

सुरुवात गेजपासून, कारण अमेरिकेत आलेल्या एफडीला कंपनीचं बूस्ट गेज नाहीच. ते नसताना बूस्ट कमी आहे असं म्हणणं म्हणजे थर्मामीटर न लावता ताप ठरवणं. यातले दोन टर्बो पाळीपाळीने काम करतात. खाली एकटा पहिला टर्बो हवा दाबतो. साधारण ४५०० आरपीएमला एक्झॉस्टमधली मोठी झडप उघडते आणि दुसराही सामील होतो. दुरुस्त गाडीत गेजवर १०-८-१० दिसतं: आधी १० पीएसआय (दाबाचं एकक), अदलाबदलीच्या क्षणी ८ पर्यंत उतार, मग परत १०. म्हणून कोणी बूस्ट कमी म्हटलं की माझा पहिला प्रश्न, कुठल्या आरपीएमला? ४५०० च्या खाली कमी असेल तर दोष एका बाजूचा, वर असेल तर दुसऱ्याच बाजूचा.

स्टिअरिंग धरून काटा वाचणं धोक्याचं आहे. माझी मुलगी शेजारी बसून फोनवर गेज आणि टॅकोमीटर (आरपीएमचा काटा) एकाच चौकटीत टिपते. हायवेच्या रॅम्पवर दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण पेडल दिलं की वेगमर्यादेतच ४५०० ओलांडता येतात. पहिल्याच फेरीत ती म्हणाली, "बाबा, साडेचारला काटा पडला आणि वर आलाच नाही." घरी व्हिडिओ थांबवत थांबवत पाहिला. १० पर्यंत छान, मग थेट ५, पुढे कसाबसा ७. पहिला टर्बो ठणठणीत होता, दुसऱ्याला कामावर बोलावलंच जात नव्हतं.

इथे हातपंप कामाला आला. साधारण चाळीस डॉलरची ही वस्तू माझ्या मते गेजपेक्षाही मोलाची. दुसऱ्या टर्बोची झडप उघडणाऱ्या ॲक्च्युएटरला (हवेच्या जोरावर दांडा सरकवणाऱ्या डबीला) व्हॅक्यूम आणि दाब दोन्ही लागतात. ते साठवायला गाडीत दोन छोट्या टाक्या आहेत आणि त्यांच्या वाटेवर एकदिशा चेक व्हॉल्व्ह. एक एक नळी सोडवायची, पंप जोडायचा, काटा थांबतो का बघायचं. ॲक्च्युएटरचा दांडा सरकला आणि सरकलेलाच राहिला, म्हणजे डायफ्रॅम, आतला पडदा, शाबूत. दाबाच्या टाकीच्या वाटेवर मात्र काटा थांबेना, सोडला की खाली. तिथला चेक व्हॉल्व्ह काढला. नखाएवढा प्लॅस्टिकचा तुकडा. तोंडाला लावून फुंकला, हवा गेली. उलटा करून फुंकला, तरीही गेली. त्याला लागलेली रबरी नळी निघता निघता मोडली, अगदी वाळक्या शेंगेसारखी कटकन. तीस वर्षं इंजिनाच्या धगीत राहिलेल्या रबराचं हेच होणार, त्यात कोणाचा दोष नाही. नवा व्हॉल्व्ह बसवला आणि त्याच संध्याकाळी १०-८-१० दिसलं.

पंपाची एक तक्रार आहे. थंडीत त्याची सील आखडते आणि पंप स्वतःच गळायला लागतो. गॅरेजमध्ये डिसेंबरात मी अर्धा दिवस नसलेली गळती शोधत होतो. आता दरवेळी आधी पंपाच्या तोंडाला अंगठा लावून काटा थांबतो का पाहतो, मगच गाडीला जोडतो.

एक नळी मोडली म्हणजे बाकीच्या रांगेतच आहेत, म्हणून हिवाळ्यात सगळ्या बदलायला घेतल्या. वरचा इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणारा भाग) उतरवला की खाली सोलेनॉइडची (विजेवर चालणाऱ्या छोट्या झडपांची) फळी आणि नळ्यांचं जंजाळ दिसतं. पाहिल्यावर छाती दडपते, पण एका वेळी एकच नळी बदलली तर चूक होत नाही. बहुतेक ठिकाणी ४ मिलिमीटर आतील व्यास लागला. स्वस्तातलं पातळ भिंतीचं बंडल घेऊ नका. माझं पहिलं तसं होतं आणि वळणावर चेपून बसत होतं, ते परत करून जाड भिंतीचं आणलं. टोकांना झिप टाय लावले, कारण सिलिकॉन मऊ असतं आणि दाबाखाली सरकतं. आणि इंधनाच्या वाटेवर सिलिकॉन अजिबात वापरू नका. पेट्रोल त्याला सोसत नाही, तिथे इंधनाचीच होज हवी.

मार्चमध्ये गाडी बाहेर काढली आणि पोटात गोळा आला. आता खालीच ७, ४५०० च्या पुढे मात्र नीट १०. सगळं नवं घालून उलटाच प्रकार! पण मुलीने व्हिडिओ पुन्हा लावला, आणि प्रश्न तोच, कुठल्या आरपीएमला? म्हणजे दोष पहिल्या टर्बोचं बूस्ट सांभाळणाऱ्या प्रीकंट्रोलच्या नळीत. जुन्या नळ्या मी नावं लिहून पिशवीत ठेवल्या होत्या. ती जुनी नळी चिमटीत दाबत गेलो, तर मध्ये दाण्यासारखं काहीतरी कडक लागलं. ब्लेडने चिरली, आतून पितळेचा बारीक छिद्राचा तुकडा निघाला. याला सगळे पिल म्हणतात. ॲक्च्युएटरकडे जाणारी हवा तो अडवतो, म्हणून सोलेनॉइडला त्यातली थोडी सोडून देऊन बूस्ट वर नेता येतं. तो नसेल तर पूर्ण दाब ॲक्च्युएटरला मिळतो, झडप लवकर उघडते आणि बूस्ट ॲक्च्युएटरमधल्या स्प्रिंगच्या पातळीवरच अडकतं. वेस्टगेटच्या (जादा एक्झॉस्ट बाहेर सोडणाऱ्या झडपेच्या) नळीतही असाच एक असतो, तो मात्र नव्या नळीत आधीच टाकला होता. पितळेचा दाणा नव्या नळीत सरकवला, जागेवर आला. म्हणून सांगतो, जुनी नळी फेकण्याआधी चिमटीत दाबून बघा.

बूस्ट वाढलं म्हणून खूश होऊ नका हेही सांगायला हवं. हे १३बी इंजिन १३०८ सीसीचं, दोन रोटरचं (पिस्टनऐवजी फिरणारे त्रिकोणी भाग), मूळ ताकद २५५ अश्वशक्ती. जास्त बूस्ट आणि अपुरं इंधन एकत्र आलं तर डिटोनेशनने (इंधनाच्या अवेळी स्फोटाने) एपेक्स सील, म्हणजे रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्या, फुटतात आणि मग इंजिनच उघडावं लागतं. नळ्या बदलल्यावर पहिल्या फेऱ्या अर्ध्या पेडलवर मारा, काटा १० च्या पुढे गेला तर लगेच पाय काढा.

जुलैच्या उकाड्यातही अदलाबदल वेळेवर होते आहे. सिलिकॉनच्या नळ्या परवा तपासल्या, मऊच आहेत, एकही सरकलेली नाही. फक्त गेजला जाणाऱ्या नळीवरचा टी-जोड प्लॅस्टिकचा होता, त्याला बारीक चीर दिसली, तो पितळेचा केला. इंटरकूलरच्या (दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागाच्या) एका क्लॅम्पपाशी साबणाच्या पाण्याचे चार बुडबुडे येतात. काट्यावर फरक दिसत नाही, पण शनिवारी क्लॅम्प बदलणार आहे.