चार रविवारांचा अभ्यासवर्ग: कॅनडातील आदिवासींचे हक्क आणि सरकारी धोरण

नांदेडच्या एका वाचनालयाने 400 रुपये शुल्क घेऊन चालवलेला हा अभ्यासवर्ग मी पूर्ण केला. येथे हळहळ व्यक्त करण्यात वेळ न घालवता कायद्यांची कलमे समोर ठेवून वाचली गेली, हे मला सर्वांत मोलाचे वाटले.

आदिवासींची जमीन फक्त राजसत्तेलाच, आणि तीही त्यांच्या जाहीर सभेतून, घेता येईल असे ब्रिटिश राजाच्या 1763 च्या राजघोषणेत म्हटले होते. त्याच लोकांना 1876 च्या ‘इंडियन ॲक्ट’ने (येथे ‘इंडियन’ म्हणजे कॅनडातील आदिवासी) अल्पवयीन पाल्यासारखे वागवले. 1927 च्या दुरुस्तीने तर जमिनीच्या दाव्यासाठी सरकारी परवानगीशिवाय वर्गणी गोळा करणे हाच गुन्हा ठरवला आणि ही बंदी 1951 पर्यंत टिकली. हे कलम वाचल्यावर किनवटकडून आलेले एक शिक्षक म्हणाले, “वनहक्काच्या दाव्याच्या कागदपत्रांसाठी आमच्या गावात पट्टी जमवतात, तिथे त्यासाठी खटला भरला असता.” त्यानंतर बराच वेळ कोणी बोलले नाही.

आदिवासी मुलांना घरापासून तोडून ठेवणाऱ्या सरकारी-चर्चच्या निवासी शाळांवरील सत्रही नेटके होते: तेथे गेलेली 1,50,000 हून अधिक मुले, 1920 ची हजेरीची सक्ती, 2008 ची पंतप्रधानांची माफी. मात्र ‘कॅल्डर’ खटल्याला केवळ दहा मिनिटे मिळाली, हे मला पटले नाही. ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील निस्गा हे आदिवासी लोक तो खटला हरले, तरी आदिवासींचा भूमिहक्क कायद्याला ठाऊक आहे हे सर्वोच्च न्यायालयाने 1973 मध्ये मान्य केले आणि आदिवासींच्या हक्कांना मान्यता देणाऱ्या, 1982 च्या राज्यघटनेतील कलम 35 कडे जाणारी वाट तेथून मोकळी झाली. इनुइट (उत्तर ध्रुवाकडील आदिवासी) आणि मेटी (आदिवासी व युरोपीय अशा मिश्र वंशाचे) समाजांचा तर नुसता उल्लेख झाला.

छापील टिपणांतील एक चूक गंभीर आहे. ‘एनफ्रँचायझमेंट’ला तेथे केवळ ‘मताधिकार’ म्हटले आहे, परंतु त्या कायद्यात त्याची किंमत ‘इंडियन’ हा दर्जा गमावणे ही होती. 1876 च्या मूळ तरतुदीनुसार विद्यापीठाची पदवी घेणाऱ्याचा दर्जा आपोआप जात असे. ज्यांच्या घरात पहिली पदवी नुकतीच आली आहे, अशा आमच्या भागातील विद्यार्थ्यांपर्यंत हा अर्थ अचूक पोहोचलाच पाहिजे. टिपणे दुरुस्त होणार असतील, तर पुढच्या वर्गाला मी माझ्या दोन्ही भाच्यांना पाठवणार आहे.