तासचकतीचा पृथ्वीगोल: रेखांश समजायला उत्तम, घड्याळ लावायला अपुरा

उत्तर ध्रुवावरची 24 तासांची चकती हेच या गोलाचं खरं मोल. ग्रिनिचच्या रेखावृत्तावर 12 आणा आणि पूर्वेकडे वाचत जा: 15 अंशांना एक तास, एका अंशाला 4 मिनिटं. ध्रुवावरचा स्क्रू आधी आवळा. तो सैल असला की गोल फिरवताना चकती मागे राहते. 5 अंश घसरली तर 20 मिनिटं चुकलीच.

चकती दाखवते ती मात्र स्थानिक सरासरी सौरवेळ, म्हणजे त्या जागेच्या रेखांशावरून ठरणारी सूर्याची वेळ; देशाचं घड्याळ नव्हे. चीनच्या पश्चिम टोकाचं काश्गर शहर सुमारे 76 अंश पूर्वेला, म्हणजे ग्रिनिचच्या 5 तास 4 मिनिटं पुढे. चीनचं अधिकृत घड्याळ 8 तास पुढे! नेपाळचे पावणेसहा तास तर दोन खुणांच्या मधेच पडतात. कालविभागांच्या सीमा गोलावर छापायलाच हव्या होत्या.